चार श्वास थांबणारी तबकडी

मी एक जुनी तबकडी आहे, मित्रांनो. काळी, थाळीएवढी, मधोमध भोक असलेली. तुमच्यातल्या पुष्कळांनी मला पाहिलंही नसेल, आणि पाहिलं असेल तर भिंतीवर शोभेला टांगलेली. माझ्या दोन्ही अंगांवर केसाहून बारीक अशी एकेक रेघ गोल गोल फिरत आत जाते. त्या रेघेवर सुई टेकवली की मी गाते. माझ्याकडे एकंदर नऊ गाणी आहेत, आणि पहिल्यांदा ऐकणाऱ्याला त्यातलं एकही आवडत नाही. हे मी रुसून सांगत नाही. मी आहेच तशी. त्यापायी मी एकदा मरता मरता वाचले, तीच हकीकत आज सांगणार आहे.

माझ्यातली गाणी गाणारी बाई विणकर होती. तीस वर्षं तिनं मागावर काढली होती. मागाच्या खटखटीवर गाता गाता तिचा गळा तयार झाला. आवाज खरखरीत, नव्या तागाच्या दोरीसारखा. गाणं ती हळू सुरू करायची, इतकं हळू की सुरू झालं की नाही हेच कळू नये. ढोल वाजवणाऱ्याला तिनं पहिली दोन गाणी नुसतं बसवून ठेवलं होतं. ढोल तिसऱ्या गाण्यात वाजू लागतो. ते तिसरं गाणं नदीपलीकडे राहणाऱ्या बहिणीला मारलेल्या हाकेचं आहे. बाई एक ओळ गाते आणि थांबते. चांगले चार श्वास थांबते. पलीकडून उत्तर येतंय का, ते ऐकते. मग पुढची ओळ.

गाणी भरून झाली आणि दोन महिन्यांत बाईच्या घशात गाठ निघाली. शस्त्रक्रिया झाली. जीव वाचला, आवाज गेला. कुजबुजण्यापलीकडे तिला काही बोलता येईना. गाणी ज्या फितीवर भरली होती ती फीत कारखान्यानं आपल्या रिवाजाप्रमाणे पुसून दुसऱ्या कुणाच्या गाण्यांना घेतली. तो आवाज आता फक्त धातूच्या साच्यात उरला होता, आणि त्या साच्यातून निघणाऱ्या आम्हा बहिणींमध्ये.

आमचा जन्म वाफेत होतो. तापलेले दोन साचे, मध्ये काळा मऊ गोळा, आणि वरून असा दाब की गोळ्याची क्षणात पोळी व्हावी. मग थंड पाणी, मग कडेचं वेडंवाकडं कापून टाकायचं. मी त्या साच्यातून निघालेली पहिली. म्हणून माझ्यावर रंगीत लेबलाऐवजी कोरं पांढरं लेबल चिकटवलं आणि मला तपासणीच्या खोलीत पाठवलं.

त्या खोलीत जी बाई बसायची तिला सगळा कारखाना कानबाई म्हणायचा. सुईखाली धुळीचा कण आला तर तो कुठल्या दारातून आत आला तेही कानबाई सांगेल, अशी तिची ख्याती होती. तिचं काम एकच. तबकडी ऐकायची आणि दोष कार्डावर लिहायचे. कुठे टिचकी वाजते, कुठे खरखर आहे, कुठे सूर डुलतो. कार्डाच्या तळाला ‘अभिप्राय’ अशी एक ओळ छापलेली होती. ती ओळ कुणी भरत नसे. गाणं चांगलं की वाईट हे ठरवायचं कानबाईचं कामच नव्हतं.

त्या दिवशी तिची दाढ ठणकत होती. मी तिच्या हाताखालून जाणारी सातवी तबकडी. पहिल्या गाण्याला तिच्या कपाळावर आठी पडली. दुसऱ्याला तिनं घड्याळ पाहिलं. तिसऱ्या गाण्यात बाई थांबली तेव्हा तिला वाटलं, यंत्र बंद पडलं. तिनं सुई उचलून परत ठेवली. यंत्र ठीक होतं. मग गाल दाबत तिनं कार्ड ओढलं, दोषांच्या जागी ‘काही नाही’ लिहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदाच ती तळाची ओळ भरली.

‘रटाळ. तिसऱ्या गाण्यात बाई विसरल्यासारखी मध्येच थांबते. मी पुन्हा ऐकणार नाही.’

ते कार्ड विक्री बघणाऱ्या साहेबांच्या टेबलावर गेलं. साहेब हसले. त्यांनी ते दुकानदारांना फोनवर वाचून दाखवलं. “आमच्या कानबाईनंच हात टेकले हो!” दोन हजार तबकड्या काढायच्या ठरल्या होत्या, त्या चारशेवर आल्या.

पण मित्रांनो, कारखान्याचा नियम असा होता की दर पन्नासातली एक तबकडी पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलीच पाहिजे. चारशे म्हणजे आठ वेळा. कानबाईला पुन्हा ऐकणं भागच होतं. तिची मोठी नणंद शेजारच्या दालनात तबकड्या पाकिटात भरायचं काम करायची. जिभेनं तिखट, मनानं सरळ. ती दारातून डोकावून म्हणायची, “काय वहिनी, आज पुन्हा ती झोपलेली बाई का?”

“हो ना वन्सं. शिक्षाच आहे.”

पहिल्या तीन वेळा शिक्षाच होती. चौथ्या वेळी कानबाई ऐकता ऐकता कपबशी पुसत होती. तिसऱ्या गाण्यात बाई थांबली आणि कानबाईच्या हातातलं फडकंही थांबलं. बाईनं पुढची ओळ घेतली, फडकं पुन्हा फिरू लागलं. हे कानबाईच्या लक्षातही आलं नाही. माझ्या आलं. पाचव्या वेळी तिनं कपबशी बाजूला ठेवली. सहाव्या वेळी ती उठून खिडकी लावून आली. सातव्या वेळी ढोल सुरू व्हायच्या आधी तिची बोटं टेबलावर तयार होऊन बसली होती. आठव्या वेळी गाणं संपलं तरी ती उठली नाही. सुई आतल्या रिकाम्या रेघेत गरगरत राहिली.

नणंद आत आली. “वहिनी? रडताय की काय?”

“दाढ दुखतेय.”

“दाढ तर तुम्ही गेल्याच आठवड्यात काढली!”

कानबाईनं सुई उचलली. मग हळूच म्हणाली, “वन्सं, मी त्या कार्डावर फार वाईट लिहिलं हो.”

पण लिहिलेलं गावभर झालं होतं. दुकानांत आमच्याकडे येणारं गिऱ्हाईक सुई टेकवायचं, अर्धा मिनिट ऐकायचं, नाक मुरडायचं आणि आम्हाला परत पाकिटात घालायचं. दुकानदारही मदतीला तयारच. “जाऊ द्या, त्यांच्या तपासणारीलाच आवडली नाही ती.” चार महिन्यांत चारशेपैकी तीनशे साठ बहिणी खोक्यांत भरून परत आल्या.

आणि परत आलेल्या तबकड्यांचं काय होतं, तेही ऐका. दालनाच्या टोकाला एक चक्की होती. परत आलेली तबकडी आधी एका दांड्याखाली ठेवायची. दांडा खाली आला की मधला लेबलाचा गोल फटकन तुटून पडायचा, कारण कागद मिसळला तर माल बिघडतो. उरलेलं कडं चक्कीत. तिकडून काळा भुगा निघायचा, आणि त्या भुग्यातून दुसऱ्याच गाण्याच्या नव्या तबकड्या. मी तपासणीच्या खोलीत मांडणीवर उभी असायची. ती घरघर मला भिंतीतून ऐकू यायची. दर वेळी वाटायचं, आज कुणाची गाणी संपली?

एका सोमवारी सकाळी फळ्यावर हुकूम लागला. शनिवारी दुपारी विणकर बाईच्या परत आलेल्या सगळ्या तबकड्या चक्कीत. साचा मोडीत. नमुन्याची प्रतही त्यातच. नमुन्याची प्रत म्हणजे मी.

कानबाईनं मला काखेत मारलं आणि तडक साहेबांच्या खोलीत शिरली.

“साहेब, या तबकड्या मोडू नका. त्या बाईचा आवाज गेलाय. फीत पुसली गेली. ह्या मोडल्या तर उरलं काय?”

“जागा कुठेय मला? नाचाच्या गाण्यांची मागणी दाराशी उभी आहे. आणि कानबाई...” साहेबांनी खण उघडून ते कार्ड काढलं. “हे अक्षर कुणाचं?”

कानबाईचा चेहरा उतरला. “माझंच. पण ते चुकलं माझं.”

“चुकलं? उद्या तुम्ही ज्यांना नापास केलं ते सगळे येऊन म्हणतील, कानबाईचं चुकतं. मग मी हा कारखाना कुणाच्या कानावर चालवू?”

“दोष ऐकायला माझा कान पक्का आहे, साहेब. आवडायला मात्र वेळ लागतो त्याला. तो वेळ मी दिला नव्हता. लोकांनाही कुणी दिलेला नाही.”

साहेबांनी पेन टेबलावर आपटत थोडा विचार केला. “ठीक आहे. पाच दिवस जेवणाच्या सुट्टीत कर्ण्यावर लावा ती तबकडी. पूर्ण. माझ्या दाराशी एक कागद लावतो. ही तबकडी राहावी असं वाटणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत नावं लिहायची. दहा नावं झाली तर बघू. नाही झाली तर शनिवारी मी एक शब्द ऐकणार नाही.”

दालनात शंभरावर माणसं जेवायची. त्यातली दहा.

सोमवारी पहिलं गाणं सुरू झालं तशी ओरड उठली. “हे गाणं आहे की दवाखान्यातली रांग? नंबरच येईना!” नणंदच सगळ्यांच्या पुढे. “वहिनी, घास घशाखाली उतरू द्या की!” तिसऱ्या गाण्यात बाई थांबली तेव्हा कोपऱ्यातून दाबयंत्रावरचा एक जाडा कामगार ओरडला, “विसरली!” आणि सगळं दालन खदखदून हसलं. कानबाई डब्यात मान घालून बसली होती. डबा तसाच्या तसा होता.

मंगळवारी पुन्हा “विसरली!” आणि पुन्हा हशा. बुधवारी तो जाड्या ओरडला तेव्हा निम्मेच हसले. कुणीतरी म्हणालं, “गप ना, ऐकू दे.” गुरुवारी बाई थांबली तेव्हा डब्यांचे आवाजही थांबले. चार श्वास नुसती शांतता. शुक्रवारी जाड्यानं तोंड उघडलं, आजूबाजूला पाहिलं आणि मिटून घेतलं. ढोल सुरू झाला तेव्हा टेबलाखाली कितीतरी पाय हलत होते. मी फिरत फिरत सगळं बघत होते. मला वाटलं, वाचलो आम्ही.

संध्याकाळी कानबाई साहेबांच्या दाराशी गेली. कागदावर तीन नावं होती. एक तिचं, एक पाकिटं भरणाऱ्या, ढोल आवडलेल्या एका पोरीचं, आणि एक कुणीतरी चेष्टेनं लिहिलेलं, साहेबांचंच.

काय झालं असेल, मित्रांनो? कागद साहेबांच्या दाराला. तिथं जाऊन, साहेबांच्या खोलीच्या काचेसमोर उभं राहून, सोमवारी ज्या गाण्याची टर उडवली त्याच्या बाजूनं नाव कोण लिहिणार? जो तो दुसऱ्याची वाट पाहत राहिला.

शनिवार उजाडला. सकाळीच साचा हातोड्यानं वाकवून भंगारात टाकला. तो आवाज मी ऐकला. आता नवी बहीण जन्मणार नव्हती. जेवणाची सुट्टी झाली. कर्णा मुका होता, कारण त्याच्यावर गाणारी मी ढकलगाडीवर, तिसऱ्या खोक्यात सगळ्यांच्या वर ठेवलेली होते. दांड्यावरचा नेहमीचा माणूस आला नव्हता. मुकादमानं कानबाईच्या नणंदेला हाक मारली, “ताई, आज दांड्यावर तुम्ही बसा.”

नणंदेनं वहिनीकडे पाहिलं. कानबाई तपासणीच्या खोलीच्या दारात उभी होती, चौकट धरून. तिनं मान फिरवली.

पहिलं खोकं उघडलं. फटक. कडं चक्कीत. फटक. कडं चक्कीत. चक्की चालवणारे काका पांढऱ्या मिशांचे, मितभाषी. ते एकेक कडं हातात घेत आणि आत टाकायच्या आधी क्षणभर बघत. दहा गेल्या. तीस गेल्या. दोन खोकी रिकामी झाली. एकशे बारापर्यंत मी मोजलं. मग नणंद तिसऱ्या खोक्याकडे वळली आणि वरचीच एक उचलली. पांढरं लेबल. मी.

तिनं मला दांड्याखाली ठेवलं. भोक खुंटीत बसलं. दांड्याचं थंड लोखंड माझ्या वर बोटभर अंतरावर होतं. दांडा ओढायला तिनं हात वर नेला.

आणि पाकिटं भरायच्या टेबलावर कुणीतरी गुणगुणत होतं. कधीपासून गुणगुणत होतं कोण जाणे. तिसरं गाणं. शेजारणीनं बोटांनी ढोल धरला. त्या पलीकडच्या टेबलानं उचललं. कुणी मुद्दाम करत नव्हतं. पाच दिवस त्या वेळेला ते गाणं वाजलं होतं, आज वाजलं नाही, तर ते त्यांच्या तोंडून आपोआप निघत होतं. दांड्यावर बसलेली नणंदही गुणगुणत होती. ओळ संपली. सगळे थांबले.

दांडाही वरच थांबला.

एक श्वास. काकांनी हातातलं कडं खाली ठेवलं आणि चक्कीची कळ बंद केली, गोंगाटात ऐकू येईना म्हणून. दोन श्वास. चक्की का थांबली ते बघायला साहेब खोलीतून तरातरा बाहेर आले, दालनाच्या मध्यावर पोचले आणि कुणाला काही विचारायच्या आधी त्यांच्याच तोंडून पुढची ओळ निघाली. चांगली मोठ्यानं.

सगळं दालन त्यांच्याकडे बघू लागलं.

“साहेब,” नणंद दांडा धरूनच म्हणाली, “घाई केलीत. अजून दोन श्वास थांबायचं असतं.”

जाड्या पहिल्यांदा हसला, मग सगळे. साहेबांचे कान लाल झाले. त्यांनी कुणीच न विचारता खुलासा केला, “माझ्या खोलीचं दार नीट लागत नाही. ऐकू येतं.”

“मग कागदावर नाव का नाही लिहिलंत?” कानबाई दारातून पुढे आली. “आणि तुम्ही सगळे? एवढं येतं तुम्हाला हे गाणं, तर नाव लिहायला काय झालं होतं?”

मग चक्कीवाले काका घसा खाकरून म्हणाले, “मला लिहिता येत नाही, बाई. नाहीतर मंगळवारीच लिहिलं असतं.”

काका तिथं बावीस वर्षं काम करत होते. ही गोष्ट त्यांनी आजवर कुणाला सांगितली नव्हती.

“माझं लिहा,” जाड्या म्हणाला.

“माझं पण.”

“अन् माझं. वहिनींच्या वर लिहा, खाली नको, डोक्यावर बसतील,” नणंद म्हणाली.

साहेबांनी हात वर केला. “पुरे. कळलं.” त्यांनी रिकाम्या खोक्यांकडे पाहिलं. “उरल्यात किती?”

“दोनशे अठ्ठेचाळीस. आणि ही एक,” नणंद म्हणाली. तिनं मला दांड्याखालून काढलं, पदरानं पुसलं आणि वहिनीच्या हातात दिलं.

“जिन्याखाली ठेवा. जागा नाहीच, पण ठेवा,” साहेब म्हणाले.

आम्ही जिन्याखालून सावकाश बाहेर पडलो. कानबाईनं साहेबांकडून एवढंच कबूल करून घेतलं की ज्या दुकानात आम्ही जाऊ तिथं गिऱ्हाइकाला तबकडी आठवडाभर घरी न्यायला द्यायची. बहुतेक परत आल्याच नाहीत. पण एकशे बारा बहिणी गेल्या त्या गेल्या. त्यांच्या भुग्यातून कुठली नाचाची गाणी निघाली, मला ठाऊक नाही.

पुढच्या रविवारी कानबाई आणि तिची नणंद मला घेऊन विणकर बाईकडे गेल्या. खोली लहान, माग एका भिंतीला, त्यावर अर्धं विणलेलं कापड. बाईनं दोघींना बसायला पाट दिले. कानबाईला बसवेना. तिनं उभ्यानंच सांगून टाकलं. “तुमच्या गाण्यांना रटाळ म्हणणारी ती मी. माझ्या त्या ओळीपायी तुमच्या तबकड्या कमी निघाल्या, अन् निघाल्या त्यातल्या शंभरावर मोडल्या. मला क्षमा करा असं म्हणायचंही तोंड नाही मला.”

विणकर बाई मागाच्या कडेला टेकली. मग जवळ ये म्हणून खूण केली, कारण तिचा आवाज हातभर अंतरापलीकडे पोचत नव्हता.

“किती वेळा ऐकलंस मग?”

“पहिल्या खेपेनंतर आठ वेळा. मग जेवणाच्या सुट्टीत पाच वेळा.”

“आणि आवडलं कितव्यांदा?”

कानबाईनं खरं ते सांगितलं. “पाचव्या-सहाव्यांदा कुठं तरी.”

विणकर बाईचे खांदे हलू लागले. ती हसत होती, नुसत्या श्वासांनी. “लवकर आवडलं की गं तुला. मला स्वतःला बारा वेळा ऐकावं लागलं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी ढोलवाल्याला म्हटलं, कोण ही बाई, हिला सांगा, घरी जा.”

नणंद इतकी हसली की तिला ठसका लागला. कानबाई हसता हसता पाटावर बसली आणि मग बराच वेळ रडली. विणकर बाईनं मला यंत्रावर ठेवलं, आणि तिघी मिळून त्यांनी मला दोन्ही बाजूंनी ऐकलं.

मित्रांनो, आता माझ्या अंगावर ओरखडे आहेत आणि दुसऱ्या गाण्यात मी थोडी अडखळते. माझ्यासारखी कुणी तुमच्या हाती आली तर तिला कडेनं धरा, बोटं रेघांवर टेकवू नका, उन्हात ठेवू नका, आडवी रचून तिच्यावर ओझं घालू नका. एवढं केलंत तर आम्ही माणसाहून जास्त जगतो. आणखी एक मागणं आहे. आम्ही नाही आवडलो तर तसं खुशाल म्हणा, त्याचा राग नाही. पण ते कार्डावर लिहायच्या आधी, चारचौघांत सांगायच्या आधी, आम्हाला पुन्हा एकदा लावा. आणि बाई गाता गाता थांबली तर सुई उचलू नका. ती पलीकडचं ऐकतेय. तुम्हीही तेवढा वेळ ऐका.